चौक्याच्या घाटातला वास

मित्रांनो, मी जीप आहे. जुनी आहे, पेट्रोलवर चालते, आणि अजून चालते. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण हल्ली माझ्याकडं बघून लोक आधी तेच विचारतात. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून रामकिसन अण्णांचं घर आहे. त्या घराच्या आवारात, कडुनिंबाखाली, कांदे झाकायची फाटकी ताडपत्री पांघरून उभी असते ती मी. आणि समोर पोर्चमध्ये, सावलीत, फरशीवर, मापानं शिवलेलं कव्हर घालून जी पांढरी कार उभी असते, ती माझी कुणी लागत नाही. तिच्याबद्दल मी पुढं बोलेन. बोलल्याशिवाय मला राहवायचं नाही.

माझा जन्म इथून लांबच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी पत्रा जाड असायचा आणि माणसं तो हातानं ठोकायची. मला हिरवा रंग दिला आणि सैन्यात धाडलं. सैन्यात लाड नसतात, पण रोज सकाळी कुणीतरी पुसतं, तेलपाणी बघतं. पुढं आमची रांग लावून छावणीत लिलाव झाला. लोक माझ्या टायरांना लाथा मारून बघत होते. अण्णा तेव्हा तरुण होते, मिशा काळ्याभोर होत्या. त्यांनी लाथ मारली नाही. बॉनेट उघडलं, इंजिन सुरू करायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "हीच घ्यायची." त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं काढली आहेत.

काय काय नाही वाहिलं मी. अद्रकीची पोती, मक्याची कणसं, खताच्या गोण्या, लग्नाचे आचारी त्यांच्या पातेल्यांसकट. पावसाळ्यात शिवारातल्या चिखलात ट्रॅक्टर रुतला की माणसं मला बोलवायला यायची. माझ्या गिअरशेजारी दुसरा एक छोटा दांडा आहे. तो ओढला की माझी चारही चाकं जोर लावतात. अण्णा तो दांडा ओढायचे आणि बांधावर उभी असलेली मंडळी गप्प होऊन बघायची. अशा वेळी मला ताठा चढायचा, खोटं कशाला बोलू.

पण माझा खरा मान वेगळाच होता. या घरात एक रीत आहे. सून बाळंतपणाला माहेरी जाते, आणि सव्वा महिन्यानं बाळाला घेऊन येते ती माझ्यातूनच. लहानगा सत्यम माझ्यातूनच आला. त्याची बहीण, चुलत्याची पोरं, सगळी माझ्याच मागच्या बाकावर झोपून या दारात आली. आधी अण्णांच्या आईनं आणि पुढं त्यांच्या बायकोनं, सुरेखाबाईंनी, बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग तांब्याभर पाणी माझ्या चाकांवर घालायचं. ते गार पाणी चाकावर पडलं की मला वाटायचं, मीही या घरातली बाईच आहे.

अण्णांची एक सवय इथंच सांगून ठेवते. लेक किंवा सून गाडीत बसणार असली की आधी पेट्रोल पंप. तेही थोडंथोडकं नाही, पार तोंडापर्यंत. "लेकीसुनेला रिकाम्या ओटीनं पाठवत नाय आपन," ते म्हणायचे, "तशी रिकाम्या टाकीनं बी न्यायची नाय." पंपावरची मुलं हसायची. मला मात्र ते आवडायचं. भरल्या पोटी रस्ता चांगला लागतो.

मग एका दसऱ्याला पांढरी आली.

त्याआधी सत्यमचं लग्न झालं होतं. सून राजनंदिनी फुलंब्रीची, वाळूजला एका कंपनीत माल तपासायच्या कामावर. रोजच्या येण्याजाण्यासाठी दोघांनी मिळून कार घेतली. घ्या की. माझं काय जातं? पण दसऱ्याला दरवर्षी माझ्या तोंडावर झेंडूचा जाडजूड हार चढायचा, तो त्या दिवशी कात्रीनं मधोमध कापला. अर्धा तिला, अर्धा मला. तिला तो पुरून उरला. माझ्या एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंतसुद्धा पोचला नाही, एका बाजूनं लोंबत राहिला. तिन्हीसांजेला सत्यम म्हणाला, "अण्णा, नवी गाडी उन्हात कशी ठेवायची?" झालं. माझी पोर्चमधली जागा गेली आणि मी निंबाखाली आले. निंबावर बगळे बसतात. बगळे काय करतात ते तुम्हाला सांगायला नको.

गाड्यांना सवत नसते असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एक दिवस माझ्या जागी उभं राहून बघावं. तिला मऊ कापडानं पुसायचे, तेही दोन वेगवेगळ्या कापडांनी. मागं घेताना ती टुंईटुंई करते. तिला मागं डोळा आहे म्हणे. अहो, मी इतकी वर्षं मागं गेले, कधी कुणाच्या पायावर गेले नाही, आणि त्याचा गवगवाही केला नाही. आल्यागेल्यानं तिच्या काचेत बघून भांग पाडावा आणि माझ्या बॉनेटवर पापड वाळत घालावेत. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि अंगावर खरे पापड. आणि मला राजनंदिनीचाही राग यायचा. ती आली म्हणून पांढरी आली, असं माझं सरळ मत होतं.

उन्हाळ्यात राजनंदिनीला दिवस गेल्याची बातमी आली. अण्णा हरखले. "ही खबर फुलंब्रीला जीपनंच न्यायची," म्हणाले. माझी ताडपत्री निघाली, टाकी तोंडापर्यंत भरली, पुढं अण्णा, मागच्या बाकावर सासूसुना. मी पांढरीच्या समोरून अशी मिजाशीत निघाले की विचारू नका. हर्सूल मागं पडलं, चौक्याचा घाट लागला. चढ सुरू झाला आणि राजनंदिनीनं नाकाला पदर लावला.

"आई, पेट्रोलचा वास येतोय."

"मला तर नाय येत," सुरेखाबाई म्हणाल्या. त्यांना बाराही महिने सर्दी.

"लई येतोय. अण्णा, जरा थांबवा."

घाटात कडेला उतरून ती बिचारी भडभडून ओकली. सुरेखाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निकाल देऊन टाकला. "डोहाळे हैत हे. मला सत्यमच्या वेळेस हिंगाचा वास खपत नव्हता. घरात कुठं फोडणी पडली की मी परसात."

मित्रांनो, डोहाळे नव्हते ते. वास खरा होता. चढाला लागले की माझ्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला काहीतरी ओलं लागायचं. पण मला हॉर्नशिवाय भाषा नाही, आणि तो हॉर्नही दुसऱ्याच्या हातात. माझ्या दुखण्याचं बोलणारी ती एकटीच होती. तरी मी चिडले कुणावर? तिच्यावरच. भर रस्त्यात नाक धरून माझी अब्रू काढायची काय गरज होती, असं मला वाटलं.

त्या रात्री जेवताना ओट्यावर सत्यम म्हणाला, "अण्णा, बाळाला आणायला पांढरी जाईल. असल्या वासात लेकरू आणायचं का?" आणि वर म्हणाला, "हिला फर्दापूरच्या त्या हॉटेलवाल्याला देऊन टाकू. त्याला दारात शोभेला पायजे. लेणी बघायला येणारे लोक फोटो काढतेत."

अण्णांनी घास खाली ठेवला. "आन वास सापडला तर?"

"सापडला तर बगू."

शोभेला. म्हणजे चाकं विटांवर, बॉनेटमध्ये माती घालून गुलबक्षी. आणि इकडं या घराचं लेकरू मखमली सीटवर बसून येणार, पाणी पडणार ते तिच्या चाकांवर. माझी झोप उडाली. वास सापडला पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं.

अण्णांनी मला छावणीत बन्सी मिस्त्रीकडं न्यायचं ठरवलं. आता त्यांची दुसरी सवय ऐका. गॅरेजला गाडी सोडायची तर टाकीत पेट्रोल ठेवायचं नाही. कुणावर आळ नाही, पण त्यांच्या वडिलांपासूनची ती चाल आहे. सकाळी त्यांनी रबरी नळी माझ्या टाकीत घातली, तोंडानं ओढ लावली आणि पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. गॅरेजपुरतं तळाला ठेवलं. आणि ते कॅन कुठं रिकामं केलं असेल? पांढरीच्या टाकीत. माझ्या तोंडातला घास काढून तिच्या तोंडात, तोही माझ्या डोळ्यांदेखत. तिनं एक थेंब सांडला नाही, सगळं गटागट प्यायली.

बन्सी मिस्त्री मन लावून काम करणारा माणूस. त्यानं कार्बोरेटर उघडला, इंजिनातला पंप बघितला, पुढच्या नळ्या एकेक चाचपल्या, मला छावणीत फिरवून आणलं. कुठं वास नाही. "अण्णा, गाडी ठणठणीत हाय," म्हणाला. तरी समाधानाला दोन पॅकिंगं बदलून दिली.

अण्णा खूश झाले. पुढच्या वेळी राजनंदिनीला माहेरी न्यायचं म्हणून टाकी तोंडापर्यंत भरली. चौक्याचा घाट आला. वास आला. पोरगी पुन्हा ओकली. अण्णांनी पुन्हा नळी घातली, पुन्हा पांढरीला पाजलं, पुन्हा मला अर्धपोटी गॅरेजात नेलं. बन्सीनं पुन्हा बघितलं आणि काहीच सापडलं नाही. गॅरेजात मी साळसूद आणि घाटात गुन्हेगार, असं होऊन बसलं. घरात सगळ्यांचं एकमत झालं की दोष गाडीचा नाही, सुनेच्या नाकाचा आहे. सुरेखाबाई तिच्या हातात लिंबू द्यायच्या, प्रेमानंच द्यायच्या. पण लिंबू देणं म्हणजे "तुझं आम्हाला पटत नाही" हे गोड शब्दांत सांगणं.

"आई, मला खरंच वास येतो," राजनंदिनी म्हणाली.

"येत आसंल की. गरवारपनात येतच आसतो."

त्यानंतर तिनं तो विषयच सोडला. पुढच्या वेळी फुलंब्रीला जायचं झालं तेव्हा ती मुकाट्यानं पांढरीत जाऊन बसली. सत्यमनं काच वर केली, गार हवा सुरू केली आणि दोघं निघून गेले. अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. चौक्याच्या घाटात त्या दिवशी पांढरी गेली. माझ्या घाटात. मी निंबाखाली उभी राहून दिवसभर एकच मागणं मागत होते, की तिचं टायर तरी फुटू दे. फुटलं नाही. संध्याकाळी ती तशीच चकचकीत परत आली.

श्रावणातल्या एका सकाळी अण्णांनी शेवटचा प्रयत्न म्हणून मला पुन्हा बन्सीकडं न्यायचं काढलं. नळी आणली, कॅन आणलं. राजनंदिनी पायरीवर बसून मेथी निवडत होती. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. तिनं अण्णांना नळी ओढताना बघितलं.

"अण्णा, पेट्रोल कामून काढताव?"

"गॅरेजला भरली टाकी कोन सोडतं, पोरी?"

"मागच्या वेळेसबी काढलं व्हतं?"

"दर वेळेस काढतो. पांढरीत वततो. वाया नाय जाऊ देत."

तिच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. ती म्हणाली, "म्हणजे मी बसते तवा टाकी तोंडापर्यंत. आन बन्सीमामा बघतेत तवा रिकामी."

अण्णांनी तोंडाशी नेलेली नळी खाली घेतली.

"आमच्या कंपनीत असंच असतं," ती म्हणाली. "तक्रार जशी आली तसाच माल लावून बघायचा. भरल्या टाकीची तक्रार असंल तर भरली टाकीच बघावी लागंल ना? आन चढावर."

अण्णांनी नळी फेकली आणि मला पंपावर नेलं. मित्रांनो, बाकी कुणी न बसता, नुसती मला तपासायला म्हणून माझी टाकी तोंडापर्यंत भरली ती त्या दिवशी पहिल्यांदा. आमच्या फाटकाशी सिमेंटचा चढ आहे, तिथं मला तोंड वर करून उभं केलं. राजनंदिनीला वाकता येत नव्हतं. तिनं सासूबाईंना सांगितलं, "आई, खाली रांगोळी टाका. दाट टाका."

"डोहाळजेवनाच्या आधीच रांगोळी?" सुरेखाबाई पुटपुटल्या, पण डबा घेऊन आल्या. कंबर धरत माझ्याखाली वाकल्या आणि पांढरी रांगोळी चाकापासून चाकापर्यंत पसरली. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. माझं तर इंजिनही बंद होतं, तरी आत धडधड होत असल्यासारखं वाटत होतं. मग मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला रांगोळीवर एक काळा ठिपका उमटला. मग दुसरा. मग तिसरा.

सुरेखाबाईंनी बोटानं तो ठिपका उचलला आणि नाकाला लावला. त्यांच्या सर्दीलाही तो कळला. "आगं बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि सुनेकडं बघायचं धाडस त्यांना लगेच झालं नाही.

बन्सी मिस्त्री स्कूटरवरून आला. चाकामागं हात घातला, चाचपडला, ओली बोटं बाहेर काढली. "पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जो जाड रबरी पाइप जातो, तो खालच्या अंगानं चिरलाय," तो म्हणाला. "टाकी अर्धी असली की पेट्रोल तिथवर पोचतच नाय. तोंडापर्यंत भरून चढाला लावली की गळतंय. आन मागच्या बाकाच्या बरुबर खाली." मग हसून म्हणाला, "अण्णा, तुमी दर वेळेस हिला उपाशी आनली माझ्याकडं. दुखनं तर पोट भरल्यावरचं हाय."

अण्णा पायरीवर बसले. "एखाद्यानं जवळ बिडी पेटवली आसती तर?" ते स्वतःशीच बोलले. मग सुनेला म्हणाले, "पोरी, तुझं नाक खरं व्हतं. आमीच ऐकलं नाय." सुरेखाबाई आत गेल्या आणि तिच्यासाठी गूळ घातलेलं दूध घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातात लिंबू दिलं नाही.

नवा पाइप बसला. राजनंदिनीनं माझ्या मागच्या फळीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हिचा काय दोष?" एवढंच. मित्रांनो, जिच्यावर मी महिनोन्महिने जळत होते, तिनं माझी बाजू घेतली. माझा तिच्यावरचा राग तिथल्या तिथं संपला. पांढरीवरचा नाही. तो वेगळा विषय आहे.

दिवाळी सरली आणि मुलगा झाला. सव्वा महिन्यानं बाळाला आणायचा दिवस आला. पण सत्यम अजून हटून होता. "पाइप बदलला ते ठीक. पन घाटात पुन्हा वास आला तर? लेकरू हाय ते." त्यानं पहाटे उठून पांढरीला शांपू लावला. अण्णांनी मला धुतलं, हौदावरच्या साध्या पाण्यानं. आम्ही दोघी फुलंब्रीला गेलो. ती पुढं, मी मागं. गावातल्या पंपावर अण्णांनी गुपचूप माझी टाकी तोंडापर्यंत भरली.

राजनंदिनी बाळाला घेऊन दारात आली. सत्यमनं पांढरीचं दार उघडून धरलं. ती तिच्याकडं चालत गेली. माझा जीव टायरात गेला. फर्दापूर, विटा, गुलबक्षी, सगळं मला दिसायला लागलं. तिनं पांढरीत वाकून बघितलं, मग भावाला हाक मारली आणि म्हणाली, "बॅगा, पाळणा, लंगोटाचं गाठोडं, समदं ह्या गाडीत टाक." आणि बाळाला छातीशी धरून ती माझ्याकडं आली.

"नंदिनी, वास," सत्यम म्हणाला.

"म्हणूनच बसते. मला आला तर लगेच उतरन. दुसऱ्या कुणाला बसवून काय कळनार?"

ती मागच्या बाकावर बसली, आधी बसायची त्याच जागी. सुरेखाबाई शेजारी बसल्या. मी निघाले. आरशात पांढरी दिसत होती, गाठोड्यांनी भरलेली, माझ्या मागं मागं धूळ खात येणारी. ते दृश्य मी कधीच विसरणार नाही.

चौक्याचा घाट आला. अण्णांनी वेग कमी केला. फुलंब्रीकडूनही त्याला चढ आहेच. तो सुरू झाला, टाकीतलं पेट्रोल मागं सरकलं आणि त्या नव्या पाइपाशी येऊन थांबलं. मला ते कळत होतं. अर्ध्या घाटात अण्णांनी न राहवून मागं न बघताच विचारलं, "पोरी, वास?"

राजनंदिनीनं डोळे मिटले. मान खाली घातली. खोल श्वास घेतला.

"येतोय," ती म्हणाली.

अण्णांचा पाय ब्रेकवर गेला.

"दुधाचा," ती म्हणाली. "ह्यानं दूध काढलंय माझ्या खांद्यावर."

सुरेखाबाई हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. अण्णांनी पाय ब्रेकवरून काढला आणि मला वर नेलं.

दारात भाकरतुकडा ओवाळला. सुरेखाबाईंनी तांब्या उचलला आणि पाणी माझ्या चाकांवर घातलं. थोडं उरलं होतं, ते त्यांनी पांढरीच्याही चाकांवर घातलं. मला ते दिसलं.

फर्दापूरचं नाव आता घरात निघत नाही. मी अजून निंबाखालीच आहे, पण ताडपत्री नवी आली आहे. तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जुनी असेल, तर तिला दुखतंय असं कुणी सांगितलं की हसू नका. ती जशी घाटात असते तशीच तिला तपासा, गॅरेजपुरती उपाशी करून नेऊ नका. आणि सांगणारीच्या हातात लिंबू देऊन मोकळं होऊ नका. खाली वाका आणि बघा. नव्या गाडीलाही जपा. तीही एक दिवस जुनी होणार आहे, तिच्याही पाइपाला चीर पडणार आहे. तेव्हा तिलाही पुसा, तिचंही ऐका.

पण सकाळी फडकं घ्याल तेव्हा आधी माझ्याकडं या.